दात उंदीरमामाला, चिठ्ठी उशीखाली

दुधाचा दात हातात घेऊन नीट बघितलायत कधी? पोराच्या तोंडातला नाही, तो रोजच दिसतो. पडलेला, तळहातावर घेऊन. खालचा समोरचा पटाशीचा दात जेमतेम ५ मिलिमीटर उंच आणि ४ रुंद, आणि एवढासा असून त्याची धार अजून बोटाला लागते. उलटा करून बघितला की मात्र खाली मूळ नसतंच. एक पोकळी असते, तिची कड खडबडीत, आत थोडासा लालसर डाग. माझ्या लेकीचा, मनूचा, पहिला दात पडला तेव्हा रडून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न हाच होता, की याचं बाकीचं कुठे गेलं, आतच तुटून राहिलं का.

नाही राहिलं. ते विरघळलं. कायमचा दात हिरडीच्या आत तयार होत होत वर सरकतो आणि त्याच्या वाटेत दुधाच्या दाताचं जे मूळ येतं ते शरीरातल्याच खास पेशी हळूहळू खाऊन टाकतात, महिनोन्‌महिने, पोराला पत्ताही न लागू देता. मूळ संपत आलं की दाताला धरून ठेवायला हिरडीच तेवढी उरते आणि मग तो हलायला लागतो. म्हणजे आपल्याला दात हलताना दिसतो तो या सगळ्याचा शेवट असतो, सुरुवात केव्हाच झालेली असते. असे २० दात, वर १० खाली १०, साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत एकेक करत जातात. आणि याच सुमाराला सगळ्यात मागे एक दाढ गुपचूप येते, तिच्या जागी आधी काही पडलेलं नसतं त्यामुळे कितीतरी घरांमध्ये ती दुधाचीच समजली जाते, पण ती कायमची असते, किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण पुढचे दात पडायच्या गडबडीत त्या दाढेकडे कुणाचं लक्षच नसतं, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्याकडे तर नवा दात आधी आला आणि जुना नंतर पडला. एक दिवस ब्रश करताना मनू म्हणाली आई आत काहीतरी टोचतंय, म्हणून फोनचा टॉर्च लावून बघितलं तर खालच्या दाताच्या मागे हिरडीतून दुसराच एक दात डोकं काढत होता, वरच्या कडेला तीन बारीक उंचवटे, रंगाने जरा पिवळसर. पुढचा जुना मात्र शांतपणे जागेवर. पोटात गोळाच आला माझ्या. डेंटिस्टने बघून सांगितलं की हे अगदी कॉमन आहे, काही करायचं नाही, जिभेने आणि स्वच्छ बोटाने तिला तो हलवत राहू दे, जुना पडला की जीभच नव्याला पुढे ढकलत जागेवर आणते. आणि पिवळा म्हणाल तर कायमचे दात असेच असतात, त्यांच्या आतला थर जाड असतो, शेजारी दुधाचे पांढरेशुभ्र दात असल्यामुळे तो फरक जास्त डोळ्यात भरतो. ते तीन उंचवटे पुढे चावून चावून झिजतात आणि कड सरळ होते. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर एक रात्र बरी झोप लागली असती.

तर आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेर नोव्हाय म्हणून गाव आहे तिथे. मनू पहिलीत. इथे पहिलीच्या वर्गात भिंतीवर एक मोठा तक्ता असतो, महिनावार, ज्याचा दात पडला त्याचं नाव त्या महिन्याखाली चिकटवायचं. शाळेत दात पडला तर नर्स दाताच्या आकाराची प्लास्टिकची इवलीशी डबी देते, गळ्यात घालायला दोरी लावलेली, ती घालून पोरं दिवसभर मिरवतात. तक्त्यावर मनूचं नाव नव्हतं, वसंत आला तरी नव्हतं. रोज बसमधून उतरली की आज कुणाचा पडला ते सांगायची आणि त्याच्या मागोमाग दुसरी बातमी, त्याला किती मिळाले.

ही दुसरी बातमी मला खटकायची. इथली पद्धत तुम्हाला माहीत असेलच, पडलेला दात रात्री उशीखाली ठेवायचा, पोर झोपलं की टूथ फेअरी येते, दात नेते आणि त्याच्या जागी पैसे ठेवून जाते. कुणाला एक डॉलर मिळतो, कुणाला पाच, एकाला तर पहिल्या दाताचे वीस मिळाले म्हणे. आता सहा वर्षांच्या पोरीने काय समजायचं? परी एकच, दात सारखेच, मग भाव वेगळा का? डेल्टा डेंटल नावाची दातांच्या विम्याची कंपनी आहे, ती १९९८ पासून दरवर्षी पालकांना विचारून एका दाताचा सरासरी दर काढते. तेव्हा तो १ डॉलर ३० सेंट होता, २०२३ मध्ये ६ डॉलर २३ सेंटपर्यंत गेला. बस स्टॉपवर उभी असलेली पोरं एकमेकांना किती मिळाले विचारतात तेव्हा ती आपल्या आईबापांच्या पगाराबद्दल बोलत असतात, त्यांना ते माहीत नसतं एवढंच. मला परीचा राग नाही, पण हा भाव घरात येऊ द्यायचा नव्हता.

म्हणून जरा शोधून बघितलं की ही परी आली कुठून. छापील उल्लेखांत सगळ्यात जुना सापडतो तो १९०८ सालचा, शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात. एक बाई वाचकांना सांगतायत की हलणारा दात काढू देत नाही अशा हट्टी पोराला टूथ फेअरीची गोष्ट सांगा, रात्री उशीखाली दात ठेवायला सांगा, आणि आयांनी ५ सेंटवाल्या काउंटरवरून छोट्या छोट्या वस्तू आणून ठेवाव्यात, अशा प्रसंगी उपयोगी पडतात. हे वाचून मला इतकं बरं वाटलं! म्हणजे सुरुवातीला पैसे नव्हतेच. वस्तू होती, लहानशी, सगळ्यांना परवडेल अशी, आणि ती कशासाठी, तर घाबरलेल्या पोराला धीर यावा म्हणून. सव्वाशे वर्षंही झाली नाहीत या गोष्टीला, पण पोरांना वाटतं ती कायमचीच आहे.

परीच्या आधीपासून या कामावर उंदीर आहे. आणि तो आपलाच नाही. फ्रान्समध्ये उशीखालचा दात न्यायला अजूनही छोटी उंदरीण येते. स्पेनमध्ये आणि तिथून मेक्सिकोपर्यंत पेरेझ नावाचा उंदीर येतो. या पेरेझची तर गोष्टच आहे, स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला, तेव्हा राजवाड्यातून लुईस कोलोमा नावाच्या पाद्र्याला सांगितलं गेलं की राजासाठी एक गोष्ट लिहा, आणि त्याने १८९४ च्या सुमाराला लिहिली. माद्रिदमध्ये ज्या रस्त्यावर त्या उंदराचं घर असल्याचं गोष्टीत आहे तिथे आज त्याच्या नावाची पाटी आहे. राजा असो नाहीतर कुणी, दात पडला की पोर घाबरतंच, आणि कुणीतरी त्याला एक गोष्ट सांगावी लागते.

माझं माहेर चिपळूण. आमचं जुनं घर जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. दात पडला की आजी तो आधी धुवायला लावायची, मग पडवीसमोर खळ्यात उभं करायची, आणि आपल्या हातानेच तो कौलांवर फेकायचा, फेकताना मोठ्याने म्हणायचं, उंदीरमामा उंदीरमामा, माझा दात तुला घे, तुझा दात मला दे. हळू म्हटलेलं चालायचं नाही, मामाला ऐकू गेलं पाहिजे. आजूबाजूची भावंडं सगळी जमलेली असायची, ज्याचा दात तो त्या दिवसाचा राजा, आणि दात खाली घरंगळत आला तर परत फेकायचा. बास, एवढंच. पैसे नाहीत, खाऊही नाही. पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची, गडी कौलं उतरवून झाडून परत लावायचे, तेव्हा आम्ही पोरं खाली उभी राहून ओरडून विचारायचो, दात दिसतात का हो? एकही दिसायचा नाही. याचा अर्थ आम्हाला सरळ होता, मामा नेतो. आणखी काय पुरावा पाहिजे!

उंदीरच का, हे मला फार उशिरा कळलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, सारखं काहीतरी कुरतडून तो ते झिजवत ठेवतो. म्हणजे दातांच्या बाबतीत त्याच्याइतका श्रीमंत कुणी नाही. आमच्या माळ्यावर तर रात्रभर त्याचा कारभार चालायचा, भाताच्या कणग्या, जुन्या वह्या, काही सोडायचा नाही. तेव्हा मागायचं कुणाकडे तर त्याच्याकडेच. आणि बघा, मागणं काय आहे. जुना घे आणि नवा दे. तुझ्यासारखा दे. जो गेला त्याची किंमत कुणी मागत नाहीये, जो येणार आहे तो चांगला यावा एवढंच म्हणणं आहे. मला हा सौदा परीच्या सौद्यापेक्षा जास्त आवडतो, हे मी सरळच सांगते. परीकडून गेलेल्या दाताचे पैसे येतात आणि विषय संपतो. मामाबरोबरचा व्यवहार नवा दात पूर्ण वर येईपर्यंत चालू राहतो.

अजून एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कौलांवर दात पोर स्वतः फेकतं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. आपल्या अंगाचा एक तुकडा गळून पडलाय, रक्त आलंय, तोंडात जिथे काल दात होता तिथे आज जीभ आरपार जातेय, भीती वाटणारच ना, अशा वेळी हाताला काहीतरी करायला मिळतं. परीच्या गोष्टीत पोराने फक्त झोपायचं असतं, बाकी सगळं मोठी माणसं करतात. पण त्या झोपेतही एक मजा आहे हे कबूल, सकाळी डोळे न उघडताच उशीखाली हात घालून चाचपडणं, ते मला माझ्या लहानपणी मिळालं नाही आणि मनूला ते मिळावं असं वाटत होतं. शिवाय वर्गातल्या सगळ्यांकडे परी येते आणि आपल्याकडे येत नाही असं तिला वाटू द्यायचं नव्हतं. इथल्या पोरांमध्ये वाढतेय ती.

बस स्टॉपवर यावर बोलताना एक वेगळीच गोष्ट कळली. आमच्या नोव्हायमध्ये जपानी कुटुंबं खूप आहेत, गाड्यांच्या कंपन्यांमुळे आलेली. मनूच्या वर्गातल्या एका मुलाची आई म्हणाली की आमच्याकडेही छपरावरच टाकतात, पण फक्त खालचे दात. वरचे घराखाली, जमिनीच्या दिशेने टाकायचे. का, तर नवा दात जुन्याकडे ओढ घेत वाढतो, म्हणून खालचा दात वर जायला पाहिजे आणि वरचा खाली. इतकं लॉजिकल आहे हे! मनू तिथेच उभी होती, तिने ते पक्कं डोक्यात ठेवलं. मी आणि ती बाई दोघी हातवारे करून एकमेकींना दाखवत होतो, आमच्या चिपळूणचं कौल आणि त्यांच्या गावातलं कौल, आणि बाकीचे पालक आमच्याकडे बघत होते.

आणि शोधता शोधताच अमेरिकेतल्याच सेंट लुईस शहराची हकीकत वाचनात आली, ती तर मी ज्याला त्याला सांगत सुटलेय. १९५० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर व्हायच्या. त्यातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ हवेत जायचा, पावसाबरोबर गवतावर पडायचा, गवत गाय खायची, तिच्या दुधातून तो पोरांच्या पोटात. शरीराला स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे तो हाडांत आणि दातांत जाऊन बसतो. हाड तपासायला मागता येत नाही, पण दात तर पोरं आपणहून टाकतातच. म्हणून १९५८ मध्ये सेंट लुईसच्या काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मिळून दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली, डॉ. लुईस राइस या बाईंनी सुरुवातीची वर्षं ते काम उभं केलं. शाळांमधून, चर्चमधून, दातांच्या दवाखान्यांमधून फॉर्म वाटले. १९७० पर्यंत तीन लाखांच्या वर दात जमले. दात पाठवणाऱ्या प्रत्येक पोराला एक बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला असं लिहिलेला. आणि दातांनी दाखवून दिलं की चाचण्या वाढल्या त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत आधीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त स्ट्रॉन्शियम आहे. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटनने उघड्यावरच्या चाचण्या थांबवायचा करार केला, त्यामागे जे लोकमत तयार झालं त्यात या दातांचा वाटा होता. सहा-सात वर्षांची पोरं ती, पुढच्या फटीतून हसणारी, उशीखाली ठेवायचा दात त्यांनी पाकिटात घालून पोस्टाने पाठवला! मला याचं फार कौतुक वाटतं, वाचताना डोळ्यात पाणी आलं.

दाताबरोबर पाठवायच्या कार्डावर मूल कुठे जन्मलं, पोटात असताना आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होतं की वरच्या दुधावर, अशी माहिती भरून द्यायची असायची. कारण दात पडतो सहाव्या-सातव्या वर्षी पण बनतो फार आधी. खालच्या पुढच्या दाताचा दिसणारा भाग गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमाराला कडक व्हायला लागतो आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत पूर्ण तयारही होतो, फक्त हिरडीत लपलेला असतो. एवढंच नाही, बाळ जन्मतं त्या वेळची एक बारीक रेघ दाताच्या वरच्या थरात उमटते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तिच्या एका बाजूचं पोटात असताना बनलेलं आणि दुसऱ्या बाजूचं बाहेर आल्यावर.

हे वाचलं आणि मी मनूच्या तोंडाकडे बघतच बसले. मनूचं बाळंतपण चिपळूणला झालं, सातव्या महिन्यात मी माहेरी गेले ती मनू चार महिन्यांची झाल्यावरच निघाले. म्हणजे हा जो दात आता मिशिगनमध्ये हलत होता तो बनला बराचसा चिपळूणला, तिथल्या विहिरीच्या पाण्यावर, आईने सकाळ-संध्याकाळ दिलेल्या अळिवाच्या लाडवांवर, कुळथाच्या पिठल्यावर, मऊभातावर. ती रेघ उमटली तीही तिथेच, पाऊस मुसळधार पडत होता त्या रात्री. मनूला चिपळूण आठवत नाही, फोटोत बघून ओळखते तेवढंच. पण तिच्या तोंडात ते होतं. मग हा दात कुणाला द्यायचा याबद्दल माझ्या मनात काही शंकाच उरली नाही.

नवऱ्याचं म्हणणं होतं जपून ठेवूया, पहिलाच आहे. बरेच जण ठेवतात, चांदीची डबी वगैरे मिळते. त्यात वाईट काही नाही. पण मला वाटतं जपून ठेवलेला दात आईबापांचा होतो, पोराचा राहत नाही, आणि मनूला तो द्यायचा होता, कुणाला तरी. शेवटी त्याने स्टीलची पट्टी शेजारी ठेवून दाताचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, इंजिनियर माणूस, वरचा ५ मिलिमीटरचा आकडा त्याचाच.

दात पडला शुक्रवारी रात्री जेवताना, थालीपीठ खाताना. आधी तिला कळलंच नाही, घास चावताना काहीतरी कडक लागलं म्हणून काढून बघितलं आणि मग रक्त दिसलं. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, थोडा वेळ कापूस, थोडा वेळ मांडी. परत चिकटवता येईल का, असंही तिने एकदा विचारून बघितलं. मग आरशासमोर जी उभी राहिली ती हलेचना, जीभ फटीतून आत-बाहेर, आत-बाहेर. तिथून पुढे रडणं नाही.

शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ होती, आईला व्हिडिओ कॉल लावला. आजी, मी रेडी आहे, मनूने जाहीर केलं. आमच्या घरावर कौलं कुठली, डांबराच्या शिंगल्स आहेत, आणि मुख्य छप्पर उंच, म्हणून गॅरेजसमोर उभं केलं तिला. आई तिकडून म्हणाली आधी धुतलास का गं, मग मोठ्याने म्हण, लाजायचं नाही, शेजारी ऐकू देत की. मनूने म्हटलं, सगळं, एका दमात, उंदीरमामा उंदीरमामा माझा दात तुला घे तुझा दात मला दे, आणि फेकला. तो वर टेकला आणि घरंगळत येऊन पन्हळीत पडला. मनूचा चेहरा पडणार एवढ्यात आई म्हणाली, बरोब्बर पडला, मामा पन्हळीतूनच तर ये-जा करतो, त्याच्या दारातच गेला बघ. माझ्या आईला असं कधी काय बोलावं हे बरोबर सुचतं. आमचं चिपळूणचं जुनं घर आता नाही, तिथे स्लॅब आहे, आईने फोन फिरवून मनूला स्लॅबवरची टाकी दाखवली आणि म्हणाली आता मामा इथे राहतो.

दात तर गेला, मग उशीखाली काय ठेवायचं? चिठ्ठी. मनू रविवारच्या मराठी शाळेत जाते, बाराखडी झालीये, जोडाक्षरं चालू आहेत. तिने पेन्सिलने लिहिलं, उंदीरमामा माझा दात मीळाला का, तूझे घर कूठे आहे, मनू. मी एकही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं नाही. उत्तर नवऱ्याने लिहिलं कारण माझं अक्षर ती ओळखते. दात मिळाला. स्वच्छ आहे, मला आवडला. नवा पाठवला आहे, तो नीट घास, मागची दाढही घास. तुझा उंदीरमामा, मुक्काम चिपळूण. आणि चिठ्ठीत गुंडाळून एक नाणं.

हे नाणं शोधायला आम्ही दोघांनी बराच विचार केला. इथे डॉलरचं एक सोनेरी नाणं निघतं, २००० सालापासून, व्यवहारात फारसं दिसत नाही पण बँकेत जाऊन मागितलं तर देतात. त्यावर सॅकागाविया आहे, शोशोनी या मूळ अमेरिकी जमातीची मुलगी, पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर १८०५ मध्ये पॅसिफिकपर्यंत गेलेली, नुकतंच झालेलं बाळ पाठीवर बांधून. नाण्यावर ती मागे वळून आपल्याकडे बघतेय आणि पाठीवर बाळ झोपलंय. परक्या मुलखात तान्हं पोर घेऊन निघालेली आई. मला दुसरं कुठलं नाणं बघायचीच गरज वाटली नाही. त्याचा रोल २५ चा येतो. २० दातांचे २०, आणि उरलेले ५ चिपळूणला माझ्या भाच्यासाठी पाठवायचे ठरलंय, त्याचाही हलायला लागलाय. प्रत्येक दाताला एकच नाणं, पहिला असो की विसावा, आणि ते खर्चायचं नाही.

सकाळी तिने चिठ्ठी स्वतः वाचली, बोट ठेवून, मुक्काम या शब्दाशी अडली. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, मामाला तर विंग्ज नाहीत, मग तो ओशन क्रॉस करून कसा आला? मी काही बोलायच्या आत उत्तरही तिनेच दिलं, टूथ फेअरी त्याला घेऊन येते, पाठीवर, त्या कॉइनवरच्या बाळासारखी. आमच्या घरात दोघांची सोय अशी झाली, ती मी लावलेली नाही. कधीतरी ती विचारेल, आई खरं सांग, तूच ठेवतेस ना, तेव्हा मी खरं सांगेन. चिपळूणला मी कधी विचारलं नाही आणि आजीने कधी शपथ घेऊन सांगितलंही नाही की उंदीर येतो, आम्ही नुसते सगळे मिळून ओरडायचो.

सोमवारी शाळेच्या तक्त्यावर मे महिन्याखाली तिचं नाव लागलं. बस स्टॉपवर किती मिळाले विचारल्यावर तिने किती ते सांगितलंच नाही, नाण्यावरच्या बाळाबद्दलच सांगत राहिली, आणि पोरंही मग तेच बघत बसली. तिच्या जपानी मित्राला मात्र मुख्य चिंता वेगळी होती, छपरावर टाकलास ना, खालचाच होता ना, हे त्याने दोनदा विचारून घेतलं.

आता शेजारचा खालचा दात पडून गेलाय, तोही गॅरेजवरच गेला. वरचे दोन हलायला लागलेत आणि घरात चर्चा चालू आहे. मनूचं म्हणणं वरचे दात खालीच टाकायचे, नाहीतर नवे चुकीच्या दिशेला वाढतील. आई म्हणते चिपळूणला आम्ही सगळे वर-खालचे एकाच कौलावर टाकले, कुणाचे दात वाकडे झाले दाखव. नवरा म्हणतो डेकखाली जागा आहे, तिथे उंदीरही असतील. मनूने मामालाच विचारायचं ठरवलंय, चिठ्ठी लिहून तयार आहे.